घाट, उकाडा आणि खारा वारा: रोजच्या जुन्या गाडीसाठी स्ट्रोकर इंजिन कसे निवडावे

आंबा घाटाच्या पायथ्याशी दुसरा गिअर टाकून तो वरपर्यंत सोडता येत नाही, ही जुनी गाडी रोज वापरणाऱ्या रत्नागिरीकराची नेहमीची तक्रार असते. त्यातून कोणीतरी "स्ट्रोकर करून घ्या" असा सल्ला देतो आणि मालक रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर परदेशातील इंजिनांची चित्रफीत पाहत बसतो. त्या चित्रफितींतील इंजिने बहुधा शर्यतीसाठी किंवा रविवारच्या फेरफटक्यासाठी बांधलेली असतात. सकाळी मुलांना शाळेत सोडून पुढे कचेरी गाठणारी, मे महिन्याच्या घामट दुपारी फाटकापाशी उभी राहणारी आणि गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावरच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये सरकणारी गाडी त्यांत नसते. अशा गाडीसाठी कोणता स्ट्रोकर निवडावा आणि निवडताना कोणत्या क्रमाने विचार करावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी मुख्यतः फोक्सवॅगन बीटल घेतली आहे, कारण माझ्याकडे तीच आहे आणि तिच्या इंजिनात मी स्वतः चुका करून बसलो आहे.

स्ट्रोकर म्हणजे नेमके काय

पिस्टन सिलिंडरमध्ये खालपासून वरपर्यंत जेवढे अंतर चालतो, त्याला स्ट्रोक म्हणतात. हे अंतर क्रँकवर, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल गोल फिरवणाऱ्या दांड्यावर, ठरते: क्रँकच्या मध्यापासून, पिस्टनला जोडणारा रॉड जिथे बसतो त्या जर्नलचा (गोल बैठकीचा) मध्य जेवढा बाजूला असेल, त्याच्या दुप्पट स्ट्रोक असतो. मूळ क्रँक काढून अधिक थ्रो, म्हणजे हे बाजूला असणे अधिक, असलेला क्रँक त्याच ब्लॉकमध्ये बसवला की स्ट्रोक वाढतो, इंजिनाची घनक्षमता वाढते आणि त्या इंजिनाला स्ट्रोकर म्हणतात. सिलिंडर रुंद करून घेणे, म्हणजे ज्याला आपले मेस्त्री रिबोअर म्हणतात ते काम, वेगळे आहे. दोन्ही एकत्र करता येतात. परंतु निव्वळ मोठे पिस्टन घालून कोणी "स्ट्रोकर केले" म्हणत असेल, तर त्याला काय केले हे नीट विचारावे.

हिशेब सोपा आहे. बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, वर्ग गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरांची संख्या; मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीत येते. बीटलच्या १६०० इंजिनाचा बोअर ८५.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६९ मिलिमीटर आहे, त्यातून १५८४ सीसी निघतात. तेच सिलिंडर ठेवून ७४ मिलिमीटरचा क्रँक घातला तर सुमारे १७०० सीसी होतात, ७८ चा घातला तर १७९१ आणि ८२ चा घातला तर १८८३. नवख्या माणसाची नजर इथेच शेवटच्या आकड्यावर जाऊन बसते.

आधी आहे ते इंजिन तपासावे

स्ट्रोकरचा विचार करणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना, माझ्या अनुभवात, स्ट्रोकर नको असतो. त्यांची गाडी चढाला ओढत नाही, कारण पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, व्हॉल्व्ह नीट बसत नसतात, डिस्ट्रिब्युटरचा, ठिणगी वेगानुसार लवकर पाडणारा, अ‍ॅडव्हान्स अडकलेला असतो किंवा हँडब्रेकची केबल गंजून मागचे ब्रेक-शू ड्रमला घासत असतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ही शेवटची गोष्ट फार होते. म्हणून पहिली पायरी ही की, गरम इंजिनावर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे, चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाही ते पाहावे, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यासाठीच्या दिव्याने तपासावे आणि सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी चालते का हे पाहावे. त्यानंतरही घाटात समाधान होत नसेल, तर पुढचे वाचावे.

तुमच्या इंजिनाला स्ट्रोकर मानवतो का

लांब क्रँकचा फायदा त्या इंजिनांना होतो, ज्यांचा बोअर मुळात स्ट्रोकपेक्षा मोठा आहे. बीटल तशी आहे. अमेरिकन लहान ब्लॉकची व्ही-८ इंजिने तशी आहेत आणि स्ट्रोकरची बहुतेक चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते: शेव्हरोलेच्या ३५० घन इंचांच्या ब्लॉकला ०.०३० इंच बोअर करून त्यात ४०० इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक, मेन जर्नल बारीक करून, बसवला की ३८३ होते, आणि फोर्डच्या ३०२ ला तेवढेच बोअर करून त्यात ३.४० इंचांचा क्रँक घातला की ३४७ होते. हे आकडे तिथले आहेत. त्यांची घाई आपल्या गाडीला लावू नये.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. अ‍ॅम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा बोअर सुमारे ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आहे. म्हणजे ते इंजिन मुळातच लांब स्ट्रोकचे आहे. इंग्लंडमध्ये ज्या बी-सिरीज कुळात ते जन्मले, त्या कुळात १२००, १४८९, १६२२ आणि १७९८ सीसीची इंजिने निघाली आणि या चौघांचाही स्ट्रोक तोच ८८.९ राहिला, प्रत्येक वेळी वाढवला तो बोअर. कारखान्याने स्वतः जी वाट कधी घेतली नाही, ती गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये घेण्याआधी माणसाने थांबावे. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन ६८ बाय ७५ आहे, आणि फियाटने त्याच कुळात १२२१ सीसी केले तेही ७५ चा स्ट्रोक तसाच ठेवून, बोअर ७२ करून. जुन्या महिंद्रा जीपच्या हरिकेन इंजिनाचा स्ट्रोक तर १११ मिलिमीटरच्या वर आहे, त्याला आणखी लांब करणे म्हणजे उंच माणसाला टाचा उंचावायला सांगण्यासारखे आहे. या तिन्ही गाड्यांच्या मालकांना माझे सांगणे एवढेच की, उत्तम रिबोअर, नीट बसवलेले व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरचे योग्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) आणि मोकळा एक्झॉस्ट यांत पैसे घालावेत. अ‍ॅम्बॅसॅडरला तर पुढे कंपनीनेच इसुझूचे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन दिले होते. ते नीट कागदपत्रांसह मिळत असेल तर तो मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. स्ट्रोक वाढला की पिस्टनचा वेग वाढून इंजिन लवकर झिजते, असे सरसकट म्हटले जाते. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. ७८ मिलिमीटर स्ट्रोकच्या बीटलमध्ये ४००० फेऱ्यांना हा वेग सेकंदाला १०.४ मीटर येतो. मूळ, हात न लावलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना तो ११.८ च्या पुढे जातो. रोजच्या गाडीतील स्ट्रोकर वेगाने मरत नाही. तो मरतो उष्णतेने आणि घाईने केलेल्या जुळणीने.

किती लांब क्रँक घ्यावा

बीटलसाठी ७४, ७६, ७८, ८२, ८४ अशा मापांचे क्रँक बनतात. निवड करताना "किती सीसी होतील" असे न विचारता "किती गोष्टी बदलाव्या लागतील" असे विचारावे.

क्रँक लांब झाला की पिस्टन वरच्या टोकाला स्ट्रोकमधील वाढीच्या निम्म्याने अधिक वर येतो. ७४ च्या क्रँकला हे २.५ मिलिमीटर होतात, ७८ ला ४.५ आणि ८२ ला ६.५. पिस्टन हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणावर, आदळू नये म्हणून एक तर सिलिंडरच्या बुडाशी तेवढ्या जाडीची चकती द्यावी लागते, नाहीतर रॉडला जोडणारी पिन अधिक वर असलेले पिस्टन घ्यावे लागतात. बीटलच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असल्यामुळे चकती दिली की दोन्ही बाजूंची हेडे तेवढी बाहेर सरकतात आणि इंजिन रुंद होते. रुंदीचा त्रास दिसताना किरकोळ वाटतो: एक्झॉस्ट थोडा ओढून बसवावा लागतो, इंजिनाभोवतीचे पत्रे एकमेकांना नीट भिडत नाहीत, बोटभर फट राहते. पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ते पत्रे शोभेचे नसतात. खालून निघालेली गरम हवा त्या फटीतून वर येते, पंखा तीच पुन्हा ओढतो आणि मेच्या दुपारी, जेव्हा बाहेरची हवाच दमट आणि तापलेली असते, तेव्हा इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासात शिजते. कोकणात बीटलचा स्ट्रोकर करणाऱ्याने ही एक फट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

दुसरी अडचण आतली आहे. लांब क्रँकवरचा रॉड फिरताना मोठा वळसा घेतो आणि त्याचे बोल्ट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) किंवा क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या कवचाच्या (पुढे नुसते केस), भिंतीला लागू शकतात. मूळ १३७ मिलिमीटर लांबीच्या रॉडसह ७४ चा क्रँक बहुधा जवळजवळ काहीही न घासता बसतो. ७८ ला केस आतून घासून जागा करावी लागते. ८२ ला ती बरीच करावी लागते, आणि मूळ केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे तिथे घासणारा हात जपून चालवावा लागतो. रॉडची लांबी भागिले स्ट्रोक हे गुणोत्तरही उतरत जाते: मूळ इंजिनात ते जवळजवळ २ आहे, ७४ ला १.८५, ७८ ला १.७५ च्या आसपास आणि ८२ ला १.६७. ते जितके खाली, तितका रॉड तिरपा होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर तितका जोराने रेटतो.

म्हणून माझा कौल असा आहे. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने, गाडी रोज चालवायची असेल तर, ७४ चा क्रँक घ्यावा आणि सिलिंडर मूळ ८५.५ चेच ठेवावेत. अधिक हवे असेल आणि क्रँककेस मशीनवर चढवायची तयारी असेल, तर जाड भिंतीचे ९०.५ चे सिलिंडर घ्यावेत. ७४ च्या क्रँकसोबत त्यातून १९०४ सीसी होतात आणि घाटाला ते भरपूर आहेत. केस न कापता आत सरकवता येणारे पातळ भिंतीचे ८८ चे सिलिंडर स्वस्त आणि मोहक असतात, परंतु पातळ भिंत तापली की गोलाई सोडते. ७८ चा क्रँक अनुभवी मेस्त्री हाताशी असेल तर घ्यावा. ८२ आणि त्यापुढचे क्रँक चांगले आहेत, ते दुसऱ्याच्या गाडीत.

क्रँक घेताना तो फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) आहे की ओतीव हे विचारावे आणि बीटलसाठी काउंटरवेट (तोल राखणारी वजने) असलेलाच घ्यावा, कारण मूळ क्रँकला काउंटरवेट नसतात. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचे जड चाक, मूळचे ४ डॉवेलचे (क्रँकशी घट्ट धरणाऱ्या खुंट्यांचे) असते. वाढलेल्या ओढीसाठी ८ डॉवेल करून घेतलेले बरे.

कॉम्प्रेशन: न मागता वाढणारी गोष्ट

इथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक बिघाडांचे मूळ इथे असते. समजा तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा, ७.५ आहे. एका सिलिंडरचे ३९६ सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ६०.९ सीसी. आता बाकी काहीही न बदलता, केवळ पिस्टन पूर्वीच्याच उंचीला थांबेल अशी चकती देऊन ७८ चा क्रँक घातला, तर सिलिंडर ४४८ सीसीचा होतो, वरची जागा तेवढीच राहते आणि प्रमाण ८.३५ वर जाते. ७४ च्या क्रँकला ते ८ च्या किंचित खाली राहते. कोणीही हेड तासले नाही, कोणीही "कॉम्प्रेशन वाढव" म्हटले नाही, तरी ते वाढले. त्यात एखाद्या उत्साही माणसाने हेडला प्लेन मारून घेतले की चौथ्या गिअरमध्ये चढ लागताच नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याचा, खडखडाट सुरू होतो.

हे वाढलेले प्रमाण खाली आणण्याचा सोपा दिसणारा मार्ग म्हणजे आणखी जाड चकती. तो घेऊ नये. वरच्या टोकाला पिस्टन आणि सिलिंडरची कड यांमधले अंतर, ज्याला डेक म्हणतात, ते १ ते १.५ मिलिमीटर असावे. त्याहून फार अधिक झाले की हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट ढवळले जात नाही आणि कमी कॉम्प्रेशन असूनही इंजिन नॉक करते. जागा हवी असेल ती हेडच्या ज्वलनकक्षात, घासून वाढवावी. काचेची पट्टी, सुई नसलेली सिरिंज आणि थोडे पातळ ऑइल घेऊन प्रत्येक कक्ष किती सीसीचा आहे हे घरीही मोजता येते, आणि चारही सारखे करून घेण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती वाया जात नाही.

रोजच्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीसाठी मी ८ च्या आत राहीन. त्याला दोन स्थानिक कारणे आहेत. आपल्याकडची बरीचशी इंजिनकामे कोल्हापुरात होतात, कारण उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगपासून बॅलन्सिंगपर्यंत सगळे एका चकरेत मिळते. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत सुरळीत लावलेले इंजिन घाट उतरून रत्नागिरीत आले की सिलिंडरमध्ये अधिक दाट हवा भरते, मिश्रण थोडे लीन (पेट्रोल कमी पडलेले) होते, दाब वाढतो आणि जे टायमिंग वर शांत होते ते खाली खडखडते. म्हणून शेवटचे जेट आणि शेवटचे टायमिंग किनाऱ्यावरच लावावे. पूर्ण अ‍ॅडव्हान्स २८ अंशांवर ठेवून सुरुवात करावी. दोन अंश वाढवण्याचा मोह चार आठवड्यांनी होईल, तो तेव्हा पाहावा.

दुसरे कारण पेट्रोलचे. आता पंपावर मिळते ते ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल आहे. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट पुरते. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन देतो, मिश्रण लीन राहते आणि लीन मिश्रण तापते. स्ट्रोकरसोबत मेन जेट मोठा करणे त्यामुळे दुहेरी गरजेचे आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओलीला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत हवेला जागा राहू देऊ नये. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इंजिनकामासोबतच बदलून टाकावेत.

वरचे काम कमीच करावे

मोठ्या क्रँकसोबत मोठे व्हॉल्व्ह, तिखट कॅम आणि दोन कार्ब्युरेटर हवेतच, असे मानण्याचे कारण नाही. हेड तेच ठेवून घनक्षमता वाढवली की श्वास घेण्याची मर्यादा लवकर येते, त्यामुळे इंजिन वरच्या फेऱ्यांना दमते, पण त्याची कमाल ओढ खालच्या फेऱ्यांकडे सरकते. घाटाला आणि शहराला नेमके तेच हवे असते. ड्युअल पोर्टचे (प्रत्येक सिलिंडरला मिश्रणाची स्वतंत्र वाट असलेले) मूळ हेड, मूळ किंवा अगदी सौम्य कॅम आणि नीट जेट केलेला एकच कार्ब्युरेटर, एवढ्यावर १७०० सीसीचे इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते आणि त्याचा आवाजही घरच्यांना खुपत नाही.

ऑइल आणि थंडावा

बीटलच्या इंजिनात अवघे अडीच लिटर ऑइल असते आणि गाळणी म्हणून तळाशी फक्त एक जाळी. जांभ्याची लाल धूळ ज्या गावात फेब्रुवारीपासून पानांवर बसते, तिथे हे पुरेसे नाही. इंजिन उघडलेच आहे तर पूर्ण प्रवाहाचा ऑइल फिल्टर बसवण्यासाठी केसला आटे पाडून घ्यावेत. हे काम नंतर, इंजिन जुळल्यावर, करता येत नाही, कारण ड्रिलचा कीस आत राहतो. १९७१ पासूनच्या गाड्यांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाबाहेर वेगळ्या कोठडीत गेला, त्यामुळे त्याच्यामागच्या सिलिंडरला ताजी हवा मिळू लागली. गाडी त्याआधीची असेल तर ते आवरण शोधून बसवावे. बाहेरचा जादा कूलर लावायचा असल्यास थर्मोस्टॅटसह लावावा, कारण पाऊस कोसळत असताना ऑइल तापलेच नाही तर त्यातली वाफ उडत नाही आणि डिपस्टिकवर दुधट साय येते. जास्त खोल ऑइल संप (तळाची ऑइलची जागा) मात्र घेऊ नये. आपले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत.

ऑइलच्या तापमानाचा काटा हा या साऱ्या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. ८० ते ११० अंशांमध्ये काटा असेल तर निश्चिंत राहावे. १२० च्या पुढे गेला की घाटात जिथे रुंद जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्यावी. इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावे, म्हणजे पंखा फिरत राहतो.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांसाठी थोडक्यात: रेडिएटरचा कोअर मोकळा करून घ्यावा, बोअरवेलचे पाणी न घालता कूलंट घालावे.

वर्कशॉपमध्ये काय विचारावे, काय पाहावे

माझी पहिली जुळणी फसली ती अशी. ७८ चा क्रँक होता, केस घासून आणली होती, वर्कशॉपने "सगळे क्लिअर आहे" म्हणून सांगितले आणि मी घाईत केस बंद करून बोल्ट आवळले. क्रँक हाताने फिरवला तेव्हा तो पाऊण फेरा लोण्यासारखा फिरला आणि मग आतून "टिक्" असा बारीक आवाज येऊन थांबला. शेजारच्या शेडमधले वयस्क मेस्त्री चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "क्रँक बसलाय बघा झकास, पर फिरतोय कुठं?" केस पुन्हा उघडली तेव्हा कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) नखाएवढी चकचकीत खूण होती आणि तिसऱ्या रॉडच्या बोल्टच्या डोक्यावर तिची जोड. अर्धा मिलिमीटर कमी पडला होता. ते काम दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून घ्यावे लागले आणि दोन महिने गेले.

तेव्हापासून मी क्रँक अर्ध्या केसमध्ये ठेवून, कॅम आणि रॉड लावून, मुलांच्या खेळण्यातल्या मातीची पातळ पट्टी शंकास्पद जागी चिकटवतो, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि माती कापून तिची जाडी मोजतो. दोन फेरे का, तर कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. एका फेऱ्यात त्याची एकच बाजू दिसते. रॉडचा बोल्ट आणि कॅम यांत किमान १ मिलिमीटर जागा हवी. चारही रॉडांना हे करावे, एकाला करून तिघांना गृहीत धरू नये. पुशरॉडची (कॅमची चाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची) लांबीही याच वेळी मोजावी. हेडे बाहेर सरकली असतील तर जुने पुशरॉड आखूड पडतात.

क्रँक ग्राइंड होऊन आला की जर्नलच्या दोन्ही कडांना, जिथे तो क्रँकच्या उभ्या गालाला मिळतो तिथे, बोटाने स्पर्श करून पाहावा. तिथे गोलाई लागली पाहिजे. नखाला धारदार कोपरा लागला तर तो क्रँक परत करावा, कारण क्रँक तुटतो तो त्याच कोपऱ्यातून. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यावेत. मेन बेअरिंगची रेषा बोअर करायची असल्यास ती किती ओव्हरसाइज झाली हे बिलावर लिहून घ्यावे, पुढच्या माणसाला ते लागते. जुळणीत क्रँकचा पुढेमागे होणारा खेळ ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावा, आणि तो फ्लायव्हीलमागच्या तीन शिमांनी (पातळ चकत्यांनी) साधतात.

आणखी एक गोष्ट केवळ किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. ताजा ग्राइंड केलेला जर्नल आरशासारखा असतो, आणि जूनमध्ये त्यावर उघड्या हाताने बोट ठेवून रात्रभर तसेच सोडले, तर सकाळी त्या बोटाचा ठसा रेघांसकट नारिंगी उमटलेला दिसतो. सुटे भाग घरी आले की लगेच ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पंख्याच्या खोलीत ठेवावेत. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढावे आणि शिमग्याच्या आत संपवावे.

क्लच, ब्रेक आणि कागदपत्रे

१६०० च्या गाडीत २०० मिलिमीटरचा क्लच असतो आणि १७०० ते १९०० सीसीच्या सौम्य इंजिनाला तो पुरतो; १८० मिलिमीटरचा जुना क्लच असेल तर फ्लायव्हीलसह बदलावा. ब्रेक मात्र दुर्लक्षिले जातात. गाडी वर जोरात जाऊ लागली की खालीही जोरात येते, आणि चारही ड्रम आधी नीट करून मग इंजिन बसवावे. घाट उतरताना मोठे इंजिन गिअरमध्ये गाडी अधिक धरून ठेवते, हा स्ट्रोकरचा कोणी न सांगितलेला फायदा आहे.

कागदपत्रांचा प्रश्न इंजिन उघडण्यापूर्वीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि नोंदणी पुस्तिकेवर सीसी लिहिलेले असतात. क्रँककेस तीच राहिल्यामुळे इंजिन क्रमांक बदलत नाही, म्हणून कोणाला कळणार नाही, असा सल्ला तुम्हाला मिळेल. अपघाताच्या दाव्यात विमा सर्वेक्षकाला ते कळू शकते. आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली, ती घेणाऱ्याने तर दोनदा विचार करावा: तिच्यात गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे, इंजिनातील मोठे बदल चालत नाहीत आणि गाडी रोजच्या वाहतुकीसाठी वापरताही येत नाही. म्हणजे रोज चालणारा स्ट्रोकर आणि ती नोंदणी एका घरात नांदत नाहीत.

पहिले ५०० किलोमीटर

नवा कॅम घातला असेल तर इंजिन सुरू होताच ते आयडलवर सोडू नये. पहिली वीस मिनिटे सुमारे २००० फेऱ्यांवर ठेवावे, म्हणजे टॅपेट (लोबवर टेकणारा भाग) आणि लोब यांची जोडी नीट बसते. त्यासाठी जस्त असलेले ऑइल वापरावे आणि सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवून घ्यावे. त्यानंतर थंड झाल्यावर व्हॉल्व्हचा गाळा (फट) ०.१५ मिलिमीटरवर तपासावा.

रनिंग-इन, म्हणजे नवे इंजिन चालीला बसवणे, रांगेत सरकत करू नये आणि एकाच संथ वेगाने लांबवरही करू नये. रिंगा बसायला थोडा भार लागतो, मग थोडी उसंत. पावस ते गणपतीपुळे हा सागरी रस्ता त्याला अगदी योग्य आहे: छोटे चढ, छोटे उतार, मध्ये खाडीचा पूल, आणि काही चुकलेच तर परत आणणारा टेम्पो जवळ. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावेत, फिल्टर कापून उघडावा आणि त्याच्या घड्या उन्हात धरून पाहाव्यात. करड्या रंगाची बारीक चमक सुरुवातीला असतेच. कण चिमटीत धरता येण्याएवढा असेल, तर आंबा घाटाचा बेत पुढे ढकलून आधी संप उघडावा.